बाबांना ‘पाहिजे तेवढंच’ ऐकू येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातलं गाव, बाबा ६६ वर्षांचे, सारं आयुष्य शेतीत गेलेलं. तीन-चार वर्षांपासून ऐकू कमी येतं. आईचं म्हणणं, ‘त्यांना पाहिजे ते बरोबर ऐकू येतं.’ यवतमाळला तपासणी झाली. ‘नस कमजोर आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, मशीन लावा’ असं डॉक्टरांनी सांगितलं. शेजारी म्हणतात, मशीन लावली की उरलासुरला कानही जातो. गावात एकाची वीस हजारांची मशीन डब्यात पडून आहे. तुम्ही मोबाइलवरून १,८०० रुपयांची एक मागवली, ती शिट्टी मारते, आणि बाबांनी दोन दिवसांत काढून ठेवली. आता पुढे काय करायचं, हे तुम्ही विचारलंत.

मी २२ वर्षं यवतमाळ-वाशीम भागात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणारी, म्हणून काम करते. तुमच्या प्रश्नातली एकेक ओळ मी दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात आईच्या तक्रारीपासून करू, कारण घरातली अर्धी भांडणं तिथूनच निघतात. माझ्यासमोर बसलेले बहुतेक काका एकच वाक्य बोलतात : ‘मले आयकू तं येते मॅडम, पन काय म्हनते ते समजत नाही.’ घरच्यांना हे नाटक वाटतं. ते वाक्य शब्दशः खरं आहे.

तुम्ही पाठवलेला तपासणीचा कागद समोर घ्या. त्यावरचा आलेख डावीकडून उजवीकडे वाचायचा. डावीकडे जाडे, घुमणारे आवाज (२५०, ५०० हर्ट्झ), उजवीकडे बारीक, धारदार आवाज (४,०००, ८,००० हर्ट्झ). रेघ जितकी खाली, म्हणजे डेसिबलचा (आवाजाच्या जोराचा) आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. बाबांची रेघ ५०० हर्ट्झला २५ डेसिबलवर आहे, १,००० ला ४०, २,००० ला ५५ आणि ४,००० ला थेट ७०. म्हणजे डावीकडे कान जवळजवळ धडधाकट आणि उजवीकडे घसरगुंडी. वयानं आणि आवाजाच्या माऱ्यानं जाणारा कान बहुधा असाच जातो.

आता याचा बोलण्याशी संबंध बघा. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर जाड आवाजाचे, जोरकस असतात. शब्दाला शब्दपण देणारी व्यंजनं, म्हणजे स, श, च, त, क, प, फ, ही बारीक आणि दुबळी असतात. बाबांना स्वर पूर्ण पोचतात, व्यंजनं गळतात. ‘ताट’, ‘खाट’, ‘पाठ’, ‘काठ’ हे चारही शब्द त्यांच्या कानात एकाच ‘आ’च्या आसपास येऊन थांबतात. बाकीचं ते संदर्भावरून जुळवतात. जेवायच्या वेळी ‘आ’ ऐकू आला की ताट, झोपायच्या वेळी खाट. जुळलं तर ‘बरोबर ऐकू आलं’, नाही जुळलं तर ‘लक्षच देत नाही’. एका काकांनी मला सांगितलं की कापसाच्या भावात ते ‘पाच’ आणि ‘सात’ यांत फसतात, म्हणून बाजारात आता पोरालाच पुढे करतात. दोन्ही शब्दांत स्वर एकच, बाकी सगळं बारीक व्यंजनांवर. अख्खी हयात भाव करण्यात घालवलेल्या माणसानं मागे उभं राहायचं, हे मला आजही लागतं.

आणि आईचंच का ऐकू येत नाही? बाईचा आवाज पुरुषाच्या आवाजापेक्षा बारीक असतो, हे एक. दुसरं, आई बहुतेक वेळा चुलीकडे तोंड करून, दुसऱ्या खोलीतून, भांडी वाजत असताना बोलते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, आणि पाठमोरं बोललं की ओठही दिसत नाहीत. पारावर मात्र समोरासमोर बसलेला जाड आवाजाचा शेजारी बोलतो, ते बाबांना कळतं. आई घरी बसून हे बघते आणि म्हणते, ‘त्याचं बरं आयकू येते!’ तिचा राग समजतो. तरी तिला हा कागद एकदा समजावून सांगा. मी अशा जोडप्यांना शेजारी बसवून आलेख दाखवते. कितीतरी वेळा काकू गप्प होतात आणि मग हळूच विचारतात, ‘म्हंजे इतके दिवस खरंच आयकू येत नव्हतं का?’

त्यावरचा गावठी उपाय म्हणजे ओरडणं. ओरडल्यानं स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तशीच दुबळी राहतात, उलट स्वरांखाली दबतात. वर आणखी एक गोष्ट घडते. आतल्या कानातल्या शंखाच्या आकाराच्या नळीत हजारो सूक्ष्म केसपेशी असतात. त्यातल्या बाहेरच्या रांगांतल्या पेशी हळू आवाजाला उचलून धरतात. त्या मेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र चांगल्या कानाइतकाच मोठा लागतो. मधली जागाच उरत नाही. म्हणून बाबा आधी ‘काय? काय?’ करतात आणि तुम्ही आवाज चढवला की चिडतात, ‘काहून कल्ला करतं, मी काय बहिरा हाओ का?’ हा स्वभावाचा हेका नव्हे, कानाची ती अवस्थाच तशी असते.

या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून ‘नस कमजोर’ असं ऐकल्यावर ताकदीच्या गोळ्या, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कानात रोज तेल यांवर पैसे घालवू नका. बहुतेक वेळा तर नसही ठीकच असते, दोष त्या पेशींमध्ये असतो. तेलाबद्दल जरा कडक बोलते. लसूण टाकून कढवलेलं तेल आपल्याकडे घरोघरी कानात जातं. पडद्याला भोक असेल तर ते सरळ मधल्या कानात उतरतं. पडदा शाबूत असला तरी वयानं गेलेल्या कानाला त्याचा काडीचा फायदा नाही. काडी, केसातली पिन, बाजारात बसणाऱ्या मळ काढणाऱ्याची सळई, यांनी फाटलेले पडदे मी पुष्कळ पाहिलेत. मळ साचला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून काढून घ्या. क्वचित कुणाचं अर्धं ऐकणं तेवढ्यानंच परत येतं, म्हणून मशीनच्या आधी कान आतून बघितलाच पाहिजे.

इथेच दोन वेगळ्या गोष्टी सांगून टाकते, कारण त्यांत उशीर महागात पडतो. कान वाहत असेल, वास मारत असेल, तर तो प्रकार निराळा. पडद्याचं भोक ऑपरेशननं बुजवता येतं आणि ऐकणं सुधारू शकतं. ‘लहानपणी कान वाहतेच, मोठेपणी आपोआप बंद होते’ म्हणून पोरांना तसंच शाळेत बसवू नका. दुसरं, एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाला, त्यात घूं आवाज सुरू झाला, तर ‘वारं लागलं’ म्हणून शेकत बसायचं नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. त्यावरचं स्टेरॉइडचं औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तरच खरा उपयोग होतो. महिन्याभरानं माझ्याकडे आलेल्या अशा माणसाचा आलेख काढताना हात जड होतो. फक्त एकाच कानानं हळूहळू ऐकू कमी येत असेल, तरी त्याची नीट तपासणी हवी. तुमच्या बाबांचे दोन्ही कान सारखेच उतरलेत, त्यामुळे ती काळजी तुम्हाला नाही.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. मशीननं कान खराब होतो का?

ही समजूत हवेतून आलेली नाही. पूर्वी खिशात ठेवायची डबी आणि वायर असलेली मशीन मिळायची. तपासणी न करता, सगळ्यांना सारखी, आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवून लावली जायची. असा बेसुमार आवाज रोज कानात ओतला तर उरलेल्या पेशींना इजा होऊ शकते. तुमची १,८०० रुपयांची मशीन त्याच जातीची आहे, फक्त दिसायला छोटी. ती आवाज मोठा करते, कुणाचा कान कसा आहे ते तिला माहीत नसतं. बाबांना जिथे नीट ऐकू येतं ते जाड आवाजही ती फुगवते : पंखा, मोटरसायकल, ताटल्या. जिथे गरज आहे तिथे ती अपुरी पडते. म्हणून त्यांनी दोन दिवसांत काढली. काढली ते बरोबरच केलं.

नीट बसवलेली डिजिटल मशीन वेगळं काम करते. ती आवाजाचे पट्टे पाडते आणि प्रत्येक पट्ट्याला तुमच्या आलेखाप्रमाणे आवाज देते. बाबांच्या बाबतीत ५०० हर्ट्झला जवळजवळ काहीच नाही, ३,०००-४,००० ला भरपूर. शिवाय हळू आवाज जास्त उचलते, मोठा आवाज कमी उचलते, आणि एका मर्यादेपुढे जाऊच देत नाही. ती मर्यादा आम्ही संगणकावर माणसाच्या सहनशक्तीप्रमाणे ठरवतो. अशा मशीननं कान बिघडत नाही.

मग लोकांना तसं का वाटतं? याचं कारण मी हजारदा समजावलं असेल. वर्षभर मशीन वापरलेला माणूस रात्री ती काढतो तेव्हा घर एकदम मुकं होतं. आधीही तेवढंच कमी ऐकू येत होतं, पण त्याची सवय झाली होती. आता नीट ऐकण्याची सवय लागली आणि फरक जाणवला. माणूस म्हणतो, ‘मशीननं कान खाल्ला.’ चष्मा काढल्यावर जग धूसर दिसतं, तेव्हा चष्म्यानं डोळे गेले असं आपण म्हणत नाही. शिवाय वयाप्रमाणे कान थोडाथोडा उतरतच असतो, मशीन लावा की न लावा. तो उतार मशीनच्या नावावर जमा होतो. उलट, वर्षानुवर्षं बारीक आवाज मेंदूपर्यंत पोचलेच नाहीत तर ते ओळखण्याचा सराव मोडतो. सात-आठ वर्षं थांबून आलेल्या माणसाला मशीन लावली तरी शब्द वेगळे करायला जास्त वेळ लागतो. ‘अजून तेवढी गरज नाही, पूर्ण गेल्यावर पाहू’ हा हिशेब म्हणूनच उलटा पडतो.

आणि गावातली ती डब्यात पडलेली वीस हजारांची मशीन. तिच्यावरून गावभर ‘मशीन काही कामाची नसते’ असं ठरलं असेल. मी अशा कितीतरी मशीन डब्यातून बाहेर काढायला लावल्यात. बहुतेक वेळा दोष काय निघतो? कानातला तुकडा सैल असतो, त्यातून आवाज बाहेर पडून परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. साचा घेऊन बनवलेला मोल्ड बसवला की शिट्टी बंद. कधी आवाजाच्या तोंडाशी मळ अडकलेला, शंभर रुपयांची जाळी बदलली की मशीन बोलायला लागते. कधी तालुक्याला सेल मिळाले नाहीत म्हणून एक महिना राहिली, आणि मग राहिलीच. सर्वांत जास्त वेळा मात्र असं झालेलं असतं की पहिल्या दिवशी जे सेटिंग केलं, त्यानंतर कुणी ते हातच लावून पाहिलं नाही. मशीन विकली गेली, काम तिथेच संपलं. लॉजच्या हॉलमध्ये किंवा औषधाच्या दुकानात ‘मोफत तपासणी शिबिर’ लावून अर्ध्या तासात मशीन गळ्यात मारून जाणारी माणसं मी पाहिली आहेत. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन लागत नाही. म्हाताऱ्या माणसाचा कापसाचा पैसा असा जातो आणि वर त्याचा मशीनवरचा विश्वासही जातो. पैशापेक्षा मला त्या विश्वासाचं जास्त वाईट वाटतं, कारण तो परत मिळवायला वर्षं लागतात.

दुसरी चूक घरच्यांकडून होते. मशीन ‘लग्नाकार्यात घालायला’ जपून ठेवतात. लग्नाचा मांडव म्हणजे डीजे, ढोल, शंभर माणसं एकदम बोलताहेत. चांगल्या कानालाही तिथे कळत नाही. पोहायला शिकायचं तर कुणी पुराच्या वैनगंगेत उडी घेत नाही. सुरुवात शांत जागेतून करायची. पहिला आठवडा घरात, दिवसाला तीन-चार तास, एका वेळी एकाच माणसाशी बोलणं. स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा वाटेल, चपलांचा घासलेला आवाज, ताटलीची खणखण, पिशवीची सळसळ टोचेल. हे आवाज नवीन नाहीत, विसरलेले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगण, शेजार, टीव्हीच्या बातम्या. मग पार, मग आठवडी बाजार. रोज वापरली तर दीड-दोन महिन्यांत बहुतेकांचा मेंदू फालतू आवाज मागे सारायला शिकतो. या काळात निदान दोन-तीनदा सेटिंग बदलावं लागतं. सुरुवातीला मी आवाज मुद्दाम थोडा कमी ठेवते आणि टप्प्याटप्प्यानं वाढवते. म्हणून मशीन घेताना किमतीआधी हे विचारा की पुढच्या सहा महिन्यांत सेटिंगला कितीदा येता येईल आणि कुठे. नागपूरला मोठ्या दुकानातून घेतलेली मशीन दर वेळी एवढ्या लांब नेणं बाबांना झेपणार नसेल, तर जवळ सेवा देणारी साधी मशीन जास्त कामाची.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, नंतर निराशा नको. मशीननं ऐकणं वीस वर्षांच्या पोरासारखं होत नाही. शांत खोलीत, समोरासमोर, तीन-चार फुटांवरून खूप फरक पडतो. गोंगाटात फरक कमी पडतो. चष्मा डोळ्यासमोरचं भिंग बदलतो आणि मागचा डोळा ठीक असतो. इथे मागची पेशीच गेलेली असते, मशीन तिच्यापर्यंत आवाज सोयीचा करून पोचवते, एवढंच. जो विक्रेता ‘पूर्वीसारखं शंभर टक्के’ म्हणेल त्याच्याकडून उठून या.

एक की दोन? शक्य असेल तर दोन. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ओळखतो. डांबरी रस्त्यानं बैलगाडी किंवा सायकल घेऊन जाणाऱ्या माणसाला मागून येणारा ट्रक डाव्या अंगानं येतोय की उजव्या, हे कळणं जिवाचं काम आहे. पैसा एकाचाच असेल तर ज्या कानानं शब्द जास्त ओळखता येतात त्या कानाला बहुधा लावतात. ते ठरवायला शब्दांची वेगळी चाचणी असते. तुमच्या कागदावर ती केलेली दिसत नाही. ती करून घ्या.

किमतीचं सांगायचं तर बरी डिजिटल मशीन दहा-पंधरा हजारांपासून सुरू होते आणि दोन लाखांच्याही पुढे जाते. महाग मशीनमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय जास्त चांगली, मोबाइलला जोडता येते, चार्जिंगची असते. शेतात आणि घरात वावरणाऱ्या बाबांना यातलं बरंचसं लागणार नाही. मी त्यांना कानामागे बसणारी, बऱ्यापैकी ताकदीची, मोठ्या बटणाची सुचवेन. कानात पूर्ण लपणारी नको. ती बोटांनी धरवत नाही, घामानं आणि मळानं लवकर बंद पडते. ‘दिसली तर लोक काय म्हणतील’ म्हणून पुष्कळ जण ती मागतात. दर वाक्याला ‘काय?’ विचारणं तिच्यापेक्षा जास्त दिसतं, हे मी त्यांना प्रेमानं सांगते.

सरकारी मदतीबद्दलही एक गैरसमज आहे. ‘अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं नाही, म्हणजे मशीनची गरज नाही’ असं लोक धरून चालतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे ‘ऐकण्यास कठीण’ आणि ७० पासून ‘बधिर’ धरतात. बाबांच्या कागदावरच्या चार आकड्यांची सरासरी साडेसत्तेचाळीस आहे. ते या यादीत बसत नाहीत, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत ३५ ते ५० म्हणजे मध्यम श्रवणदोष, आणि या टप्प्यावर मशीनचा फायदा सर्वांत चांगला होतो. सर्टिफिकेटची रेघ आणि गरजेची रेघ वेगळी आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना (२०१७) ६० वर्षांपुढच्या गरीब ज्येष्ठांना शिबिरांतून मशीन देते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या, वार्षिक दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना असं साहित्य घ्यायला एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. त्यात पूर्ण मशीन येणार नाही, हातभार लागेल. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. शिबिरात मशीन मिळाली तर ती ‘फुकटची’ म्हणून टाकू नका. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला किंवा नागपूरला कान-नाक-घसा विभाग आहे, कमी खर्चात तपासणी होते. मशीन बसवणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला ऑडिओलॉजिस्ट आहे का, हे विचारायला लाजू नका. नोंदणी क्रमांक दाखवणं त्याचं कामच आहे.

अलीकडे विक्रेते आणखी एक भीती घालतात : मशीन नाही लावली तर वेड लागेल, स्मृती जाईल. यात खरं किती ते सांगते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत श्रवणदोष धरला आहे, २०२४च्या यादीतही तो आहे. पण २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत, तीन वर्षं मशीन वापरलेल्या सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता अशा वृद्धांमध्ये मात्र बुद्धीची घसरण बरीच मंदावली. म्हणजे मशीन स्मृतीचं औषध नाही. मला रोज जे दिसतं ते याहून साधं आहे. ऐकू न येणारा माणूस आधी सभेला जाणं सोडतो, मग कीर्तनाला, मग पारावर. शेवटी ओसरीवर एकटा बसतो, आणि घरचे म्हणतात, ‘बाबा आताशा शांत झाले.’

लहान मुलांविषयी तुम्ही विचारलं नाही, तरी तुमच्या पत्रात पुतण्याचा ओझरता उल्लेख आहे : दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही, पण ‘टाळी वाजवली की वळतो’. म्हणून हे कळकळीनं लिहिते. टाळी, थाळी, फटाका यांवर वळणं म्हणजे ऐकू येणं नव्हे. मोठ्या आवाजाचा काही भाग पोचतो, हवेचा झोत जाणवतो, सावली दिसते. ‘त्याचे वडीलही उशिरा बोलले’ म्हणून थांबू नका. बाळ जन्मल्यापासून एक महिन्यात कानाची पहिली तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत मशीन, असा जगभर मान्य झालेला क्रम आहे. तुम्ही त्याच्या पुढे गेलेले आहात, पण दार बंद झालेलं नाही. भाषा शिकायला मेंदू पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत तयार असतो. जिल्हा रुग्णालयातल्या बालकांच्या शीघ्र निदान केंद्रात त्याला याच आठवड्यात न्या, झोपेत होणारी बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणारी) मागा, सुई-टोचणी काही नसते. ‘इतक्या लहानग्याला मशीन?’ असं आजी म्हणेल. सहा महिन्यांच्या बाळालाही मशीन लावतात. दोष फार मोठा असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटला (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राला) केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या अडीप योजनेतून मदत मिळते, पण ती लहान वयातच.

मशीनची निगा आपल्या हवेत वेगळी राखावी लागते. मे महिन्यात ४५-४६ अंशांत मोटरसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवली तर गेली. पावसाळ्यात रात्री सेलचं दार उघडं ठेवून, ओल शोषणाऱ्या पुडीबरोबर झाकणबंद डबीत ठेवा. फवारणीला, आंघोळीला, झोपताना काढायची. जस्ताचे सेल असतील तर रंगीत चिकटपट्टी काढून मिनिटभर हवा लागू द्या, मग घाला. एकदा पट्टी काढली की वापरा न वापरा, सेल उतरायला लागतो. चार-पाच पाकिटं एकदम आणून ठेवा म्हणजे ‘सेल नव्हते’ हे कारण उरणार नाही. मळणी यंत्राजवळ, फुटक्या सायलेन्सरच्या ट्रॅक्टरवर किंवा जिनिंगमध्ये काम असेल तेव्हा मशीन काढून फोमचे बोळे घाला. वीस रुपयांना मिळतात, तुम्हीही वापरा. तुमचा कान अजून शाबूत आहे, तो आताच राखता येईल.

आणि मशीन येण्याआधीही, आजपासून, घरात इतकं करा. आधी हाक मारून बाबांचं लक्ष वेधा, मग बोला. समोर या, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा. आवाज नेहमीचाच ठेवा, वेग कमी करा. एक वाक्य दोनदा कळलं नाही तर तेच तिसऱ्यांदा ओरडू नका, शब्द बदलून सांगा. आकडा असेल तर बोटांनी दाखवा. फक्त एक वाक्य घरातून हद्दपार करा : ‘काही नाही, जाऊ द्या.’ सगळे हसले, बाबांनी विचारलं ‘काय झालं?’, आणि उत्तर आलं ‘काही नाही’. माझ्यासमोर रडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी बहुतेक जण या दोन शब्दांवर रडलेत.

पुढच्या भेटीला येताना तपासणीचा कागद, ती १,८०० रुपयांची मशीन आणि बाबांच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. गावातली ती डब्यातली मशीनही आणता आली तर आणा, तिच्यात काय अडकलंय ते मी बघते. आणि आईला नक्की घेऊन या. सेटिंग करताना मी माझ्या आवाजावर थांबत नाही, आईला पाठमोरं बसवून बोलायला लावते.